पहिली शॉर्ट फिल्म: एवढं सांभाळ

कळव्याच्या वन बीएचकेत बाप-लेकीचा अबोला दाखवायचाय ना? मग तेवढाच दाखव. दहा मिनिटांत प्रेमभंग, आजीचं जाणं आणि ‘स्वतःचा शोध’ कोंबू नकोस; नवखे बहुतेक तिथेच फसतात.

भांडणात पात्रांना मनातलं सगळं बोलायला लावू नकोस. बाप ताट सरकवून उठतो, पुरे.

- कॅमेरा मोबाइलचा चालेल, पण कॉलर माइक हवाच. टेकच्या वेळी पंखा, फ्रिज बंद. (फ्रिज परत लाव, नाहीतर आई पुन्हा शूटिंग करू देणार नाही.)
- स्टेशनवरचा निरोपाचा सीन बिल्डिंगच्या जिन्यात शूट कर. रेल्वेच्या हद्दीत परवानगी लागते.

लेन्स, ग्रेडिंग (चित्राचे रंग नीट करणं) नंतर बघू. या रविवारी कलाकारांना बसवून पटकथा मोठ्याने वाचून घे.