शुगर आपोआप उतरली, तरी डॉक्टर किडनी तपासा का म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, १८ वर्षांपासून शुगर. गेल्या सहा महिन्यांत शुगर आपोआप उतरली. गोळी निम्मी केली, तरी दोनदा पहाटे घाम फुटून हात थरथरले. त्याच काळात हिमोग्लोबिन ८.४ वर आलं, बीपीची दुसरी गोळी सुरू झाली, जिना चढताना दम लागायला लागला. शुगरचे डॉक्टर नाशिकच्या कॉलेज रोडला, दम लागतो म्हणून दाखवलं ते द्वारकेजवळ, आणि रक्तवाढीच्या गोळ्या सिडकोतल्या फॅमिली डॉक्टरांच्या. आता शुगरच्या डॉक्टरांनी किडनीच्या तपासण्या लिहून दिल्यात. तुम्ही विचारताय की शुगर बरी होत असताना हा नवा खर्च कशाला?

तपासण्या करा, आणि याच आठवड्यात करा. पहाटे थरथर झाली, ती शुगर फार उतरल्याने असू शकते, हे मात्र शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, गोळीचं काय करायचं ते तेच ठरवतील. तोवर वडिलांच्या उशाशी साखर असू द्या.

मी नाशिकमध्ये १३ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे वडिलांना काय झालंय हे मी सांगू शकत नाही. पण तुम्ही जी चार दुखणी वेगवेगळी मोजलीत, ती एकमेकांचा हात धरून येताना मी इतक्या घरांत पाहिली आहेत की गप्प बसवत नाही.

आधी शुगरचं बघू. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. काम झाल्यावर ते जातं कुठे, हे कुणी विचारत नाही. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी लिव्हरमधून जातं आणि साधारण निम्मं तिथेच मोडीत निघतं. उरलेल्यातला मोठा वाटा किडनी मोडते. इंजेक्शनचं इन्सुलिन लिव्हरच्या आधी सगळ्या रक्तात मिसळतं, म्हणून त्याचा भार किडनीवर आणखी जास्त. किडनी थकली की कालचं इन्सुलिन आजही रक्तात रेंगाळतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांचा असरही लांबतो. शिवाय उपाशीपोटी किडनी स्वतः थोडी साखर तयार करून रक्तात सोडत असते, तेही कमी होतं. त्यात भूक मेलेली असते. म्हणून शुगर उतरते. मधुमेह होता तिथेच असतो.

आमच्या मामांचं अगदी हेच झालं. पिंपळगाव बसवंतजवळ त्यांची द्राक्षबाग. वीस वर्षांची शुगर, आणि एका वर्षी ती अशी उतरली की इन्सुलिन जवळजवळ बंद झालं. घरात गुळवेलीचा काढा सुरू होता, सगळं श्रेय त्याला मिळालं. मामींनी गल्लीत पेढे वाटले. मी तेव्हा कोर्सच्या पहिल्या वर्षाला होतो, मलाही आनंदच झाला. ते ज्या दवाखान्यात जात होते तिथे दोन वर्षांत लघवीची तपासणी कुणी सांगितली नव्हती, आणि आमच्यापैकी कुणी मागितलीही नव्हती. त्यात ऑक्टोबरची गोडी छाटणी. दिवसभर उभं राहून कंबर धरायची, म्हणून मेडिकलमधून रोज एक डायक्लोफेनॅक. डिसेंबरात एका रात्री आडवं होताच धाप लागली, खुर्चीत बसून रात्र काढली. सकाळी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, निघालं ७.८. म्हणजे किडनी जवळजवळ निकामी.

त्या दुखण्याच्या गोळीचंही सांगून टाकतो, कारण वडिलांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. किडनीच्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक रक्तवाहिनी असते. किडनी अडचणीत असते तेव्हा ती वाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वापरतं. सांध्यातली सूज आणि वेदनाही त्याच घराण्यातली रसायनं वाढवतात. गोळी सांध्यातलं रसायन थांबवते तसंच किडनीतलंही. तरण्याताठ्या माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण जुनी शुगर, वर बीपीच्या गोळ्या, आणि उन्हातान्हात पाणी कमी, असं एकत्र आलं की गाळणीचा पुरवठाच आटतो. गुडघ्याच्या डॉक्टरांना पहिल्यांदा क्रिएटिनिनचा आकडा सांगायचा, दुखणं नंतर.

आता हिमोग्लोबिन. लोहाच्या गोळ्या घेऊन ते वाढत नाही, अशी तुमची तक्रार आहे. रक्त अस्थिमज्जेत बनतं, पण किती बनवायचं याचा निरोप किडनीकडून जातो. किडनीतून रोज साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, बाकी सगळं परत रक्तात. या कामासाठी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिच्याकडे येतो. त्या रक्तात ऑक्सिजन कमी वाटला की ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते, आणि मज्जा नव्या लाल पेशी करायला लागते. लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते. निरोप यायचा बंद झाला की जुन्या पेशी मरत जातात आणि नव्या पुऱ्या पडत नाहीत. लोह भरपूर असून उपयोग नाही, वीट-सिमेंट आलंय पण काम सुरू करा म्हणणारा कुणी नाही. हे हार्मोन इंजेक्शनच्या रूपात १९८९ पासून उपलब्ध आहे. त्याआधी डायलिसिसच्या पेशंटना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागे. असं रक्त कमी झालेल्या माणसाला मशीनवर घेतलं की पारदर्शक नळीतून जाणारं रक्तच फिकट, पातळ दिसतं. रिपोर्ट यायच्या आधी आम्हाला कळतं.

आणि एक. रक्त कमी असताना शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी सुद्धा फसवू शकतो. लाल पेशी लवकर बदलत असतील तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून ‘६.१ आला, छान आहे’ यावर विसंबू नका. तारखेनिशी घरचे फास्टिंगचे आकडे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

रक्त पातळ झालं की हृदयाला तेवढाच ऑक्सिजन पोचवायला जास्त वेळा धडकावं लागतं. त्यात बीपी वाढलेलं, म्हणजे धडक मारायची ती भिंतीवर. महिनोन्‌महिने असं चाललं की हृदयाचा डावा कप्पा जाड आणि ताठ होतो. जिन्यावरचा दम फुफ्फुसाचा वाटतो, पण फुफ्फुसं बिचारी शेवटची असतात.

बीपी आणि किडनीचं नातं समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते समजल्यावर मी थक्क झालो. किडनीला रक्ताचा दाब कमी वाटला की ती रेनिन नावाचं रसायन सोडते. रेनिन ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ लिव्हरने आधीच रक्तात सोडून ठेवलेला असतो. त्या दोघांतून जे तयार होतं त्याला धार येते ती मुख्यतः फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. मग ते सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि किडनीच्याच डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला सांगतं की मीठ धरून ठेव. एक बीपी वाढवायला चार अवयव! रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्या ही साखळी तोडतात. म्हणून त्या बीपी उतरवतात आणि लघवीतून जाणारं प्रोटीनही कमी करतात. रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो, कारण जे एन्झाइम आपण बंद करतो तेच खोकला आणणारं एक रसायनही मोडत असतं. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं आणि लोक घाबरून स्वतःच बंद करतात. तसं करू नका, डॉक्टरांना ती थोडी वाढ अपेक्षित असते. मात्र जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी गोळी घ्यायची का, हे फोन करून विचारा.

ही सगळी व्यवस्था मुळात जखम होऊन रक्त वाहून गेलं, पाणी मिळालं नाही, अशा प्रसंगासाठी आहे. घात होतो तो हृदय कमजोर झाल्यावर. हृदय नीट पंप करत नाही, म्हणून किडनीकडे रक्त कमी येतं. शरीरात पाणी भरपूर आहे हे किडनीला दिसतच नाही. तिला वाटतं रक्तस्राव झालाय. ती जीव तोडून मीठ आणि पाणी साठवते. आधीच दमलेल्या हृदयापुढे आणखी पाणी येतं, ते मागे तुंबतं, पायांवर सूज आणि फुफ्फुसात पाणी. नाशिककरांना हे सांगताना मी गंगापूर धरणाचं उदाहरण देतो. खाली गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना वरच्या माणसाला कुणीतरी ‘खाली दुष्काळ आहे’ असा निरोप दिला तर तो दरवाजे उघडतच राहील. त्याची चूक नाही, त्याला मिळालेला निरोप चुकलाय.

माझ्या कामात हे रोज डोळ्यांनी दिसतं. सोमवारी सकाळी काका येतात, वजनकाट्यावर उभे राहतात, शुक्रवारपेक्षा ३.२ किलो जास्त. तीन दिवसांत कुणी ३ किलो मांस चढवत नाही, ते ३ लिटरच्या वर पाणी असतं. बोलताना वाक्य तुटतं, खोकला असतो, घरच्यांनी कफ सिरपची बाटली संपवलेली असते. चार तासांत मशीनने ते पाणी हळूहळू काढलं की तोच माणूस आडवा होऊन घोरतो. खोकल्याचं औषध एक थेंबही दिलेलं नसतं.

हाडांचं थोडक्यात सांगतो. उन्हाने त्वचेत तयार झालेलं ड जीवनसत्त्व लिव्हरमध्ये एकदा आणि किडनीत दुसऱ्यांदा बदललं की मगच कामाचं होतं. दुसरा टप्पा अडला की आतड्यातून कॅल्शियम कमी येतं आणि मानेतल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढायला लागतात. रात्रभर अंगाला खाज, हाडं ठणकणं, हे मला खूप पेशंट सांगतात. त्यांच्यापैकी अनेकांनी आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे वर्ष काढलेलं असतं.

तपासण्यांत काय हवं ते सांगतो, म्हणजे लॅबमध्ये गोंधळ होणार नाही. रक्तात क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, पोटॅशियम आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून किती प्रोटीन जातंय ते, हा सोडू नका. एकटं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं होत नाही, किडनीचं निम्म्याच्या आसपास काम जाईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी बोलतं. सोबत किडनीची सोनोग्राफी, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी. डोळा यात कुठून आला, असं वाटेल. शुगरने ज्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात त्या किडनीत डोळ्यांनी बघता येत नाहीत, पडद्यावर मात्र डॉक्टरांना समोर दिसतात.

आणि घाबरून जाऊ नका, कारण वेळेत सापडलं तर आज हातात बरंच काही आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं शुगरसाठी आली. ती किडनीत काम करतात, गाळलेली साखर परत रक्तात जाऊ न देता लघवीतून बाहेर टाकतात. २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की त्यांनी हृदय निकामी होण्याचं प्रमाणही घटतं, आणि पुढे किडनीचा ऱ्हासही मंदावतो, अगदी शुगर नसलेल्यांतही. मामांच्या वेळी हे नव्हतं. त्यांना डायलिसिसला आठवड्यातून तीनदा यावं लागलं. मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या मनगटावर शिरेला धमनी जोडलेली, तिथे बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागायची. ते दर सकाळी स्वतः हात लावून बघायचे, थरथर आहे ना. मग चहा.

खाण्यापिण्याचं मात्र स्वतःच्या मनाने काही बदलू नका. पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळं, केळी, मनुका बंद होतील, कारण पोटॅशियम हाताबाहेर गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्याकडे भेटायला येणारी माणसं प्रेमाने शहाळी आणतात आणि आम्हाला ती हातातून काढून घ्यावी लागतात. पण आकडा येण्याआधीच उपास घडवला तर वडील आणखी अशक्त होतील.

तिन्ही डॉक्टरांचे कागद एका फाइलीत तारखेनुसार लावा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला, दुखण्याची आणि काढ्याचीसुद्धा. ते सगळं घेऊन एका फिजिशियनपुढे बसा. किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं का, हे ते रिपोर्ट बघून सांगतील. आज रात्री वडिलांना विचारा, झोपताना किती उशा लागतात आणि मागच्या दिवाळीला किती लागायच्या. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा राहिला, किंवा आडवं झाल्यावर श्वास पुरत नसेल, तर लॅब उघडायची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटलमध्ये घेऊन जा.