दुपारच्या विजेला वाट

प्रिय बेटा,

शेजारच्या सौरप्रकल्पामुळे उन्हाळ्यात भरदुपारी उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड होतो, म्हणून तू मोठा मागायचा प्रस्ताव लिहायला घेतलास. थोडी थांब. आधी लॉगबुकातल्या वर्षभराच्या तासातासाच्या नोंदी वाच.

आपल्याकडे हरभरा-गव्हाचं ओलित हिवाळ्यात. तेव्हा दुपारची सौरवीज गावच्या पंपांतच जिरते. एप्रिलमध्ये संत्र्याच्या बागा सोडल्या तर शेतं रिकामी. मग तीच वीज उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ३३ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टच्या, वरच्या लाईनवर चढते, आणि फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या लाईनचं, व्होल्टेज वाढतं. त्यात ४५ अंशांच्या उन्हात तारा आधीच तापून लोंबलेल्या. त्यांची वाहायची ताकद नेमकी तेव्हाच कमी. म्हणजे कोंडी वर्षभराची नाही, काही महिन्यांतल्या काही तासांची आहे. तेवढ्या तासांत नळयोजनेचे पंप चालवता येतील का, बागांच्या पाळ्या दुपारी आणता येतील का, हे सरपंचांसोबत बसून ठरव. दुपारची वीज साठवायच्या बॅटरीचा हिशेबही मांडून बघ.

मी नवीन असताना एक डीपी, म्हणजे शेतातला छोटा ट्रान्सफॉर्मर, सारखी जळायची. मोठी मागून घेतली, तीही जळाली. शेवटी एका रात्री वीज यायच्या वेळी शेतात जाऊन उभा राहिलो. धुऱ्यावर माणूस नव्हता. प्रत्येक पंपाला ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारं बटण. वीज आली आणि सगळ्या मोटारी एकदमच उठल्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते! पण सापाच्या भीतीनं रात्री शेतात न जाणाऱ्याला ऑटोस्विच काढ म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? २०१७ मध्ये शेतीला दिवसा सौरवीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना आली तेव्हा म्हणूनच मला मनापासून आनंद झाला. दिवसा वीज असली की शेतकरी स्वतः बटण दाबतो, आणि पंप पाळीपाळीनं सुरू करा, लाईनवरचा करंट कमी करणारा कॅपॅसिटर मोटरीला लावा, हे त्याला सांगता येतं.

लाईन काठोकाठ मात्र भरू नकोस. ३० जुलै २०१२ ला बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तिचा भार दुसऱ्या वाटांवर पडला आणि सारा उत्तर भारत अंधारात गेला. एक वाट बंद पडली तरी उरलेल्यांना झेपेल, एवढी जागा हवीच.

हे सगळं करूनही आकडे कमी पडले, तर प्रस्ताव ठासून लिही. एप्रिल-मेच्या पानांचे फोटो पाठव. रविवारी फोनवर बसून सोबत वाचू.

तुझा,
काका