प्रेस शॉपमध्ये कामगार सेफ्टी बटण बांधून ठेवतात, मेमो देऊनही ऐकत नाहीत. काय करावं?

नाशिकजवळच्या अंबडच्या युनिटमध्ये पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या प्रेसना टू-हँड बटणं बसवली (दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस चालावा, म्हणजे हात खाली सापडत नाहीत) आणि ऑपरेटर त्यातलं एक बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दाबून ठेवतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी मेमो थांबवा. मी सातपूरला डाय सेटर होतो, म्हणजे प्रेसवर डाय (साचे) बसवायचो, आता मेंटेनन्स बघतो. बटण बांधणारा बेफिकीर असतो हे मला कधीच पटलं नाही. बोटं त्याची जाणार आहेत आणि ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरी तो बांधतो, म्हणजे काम त्याला तसं करायला लावतंय.

काय करायला लावतंय ते केबिनमध्ये बोलावून कळणार नाही. सेकंड शिफ्टला मशीनपाशी उभं राहून नुसतं बघा. पार्ट डायमध्ये चिकटतोय का? ऑइल जास्त झालं किंवा स्ट्रिपरची (पार्ट सोडवणाऱ्या प्लेटची) स्प्रिंग दमली की पार्ट पंचला, म्हणजे डायच्या वरच्या भागाला, धरून वर जातो. मग दर स्ट्रोकला चिमट्याने तो सोडवा, परत दोन्ही हात बटणांवर न्या. तासाचं टार्गेट मात्र डाय नवी होती तेव्हा काढलेलं. अशा वेळी स्प्रिंग बदलली, एअर ब्लो दिला, की पट्टी बांधायचं कारणच उरत नाही. आमच्याकडे असेंब्लीतून प्रेसवर आलेल्या एका ताईंना बटणं खांद्याच्या वर यायची, दुपारपर्यंत हात भरून यायचे. खाली-वर होणारा स्टँड वेल्डरने आमच्याच शॉपमध्ये बनवून दिला. तो कुठल्या उंचीला हवा, हे ताईंनीच दाखवलं.

आता पॅनेल. एक बटण बांधून प्रेस चालतोय याचा अर्थ पॅनेलवाल्याने दोन बटणं नुसती सिरीजमध्ये जोडलीत. खरं टू-हँड कंट्रोल दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक देतं आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा देत नाही. हा दोष ऑपरेटरच्या नावावर टाकू नका.

मालक कदाचित लाइट कर्टन घ्या म्हणतील, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की प्रेसला थांबायचा सिग्नल देणारा. ऑर्डर देण्याआधी क्लच बघा, म्हणजे फिरतं चाक रॅमला (वर-खाली होणाऱ्या भागाला) जोडणारा भाग. जुन्या सी-फ्रेम प्रेसना रोलिंग-की क्लच असतो. एकदा की गुंतली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, कर्टनने कितीही सिग्नल दिला तरी. की किंवा तिची स्प्रिंग तुटली तर कोणी काही न दाबता दुसरा स्ट्रोक येतो. त्यामुळे तिथे टू-हँडवरही विसंबू नका. हात आत जाणारच नाही असं फिक्स गार्ड किंवा बंद डाय हाच उपाय. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचा, रॅम मध्येच थांबवता येणारा) क्लच असेल तर कर्टन लावा, पण अंतर मोजून. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून निदान ४० सेंटीमीटर लांब हवा, वर थोडी भर. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायची वेळ वाढते, म्हणून ती अधूनमधून मोजत राहा.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कलम ४१-जी आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान हवेत, असं त्यात होतं. तुमचं प्रेस शॉप त्यात बसो न बसो, ती रचना उचला. फक्त समितीत कायम कामगारच भरू नका. रात्री प्रेसवर ठेकेदाराची मुलं असतात, पेठ-सुरगाण्याची, बिहारची. बटण का बांधावं लागतं हे त्यांनाच ठाऊक. आणि जो सांगेल त्याचा इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही, हे मालकांकडून आधीच लिहून घ्या, नाहीतर मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतील आणि पट्टी तशीच राहील.

डायची स्प्रिंग आणि पॅनेलचं सर्किट याच आठवड्यात बघून घ्या. की-क्लचचा प्रेस निघाला, तर गार्ड बसेपर्यंत हाताने पार्ट ठेवायचं काम त्यावर देऊ नका, डिस्पॅच अडला तरी.