पांढरीचं टेकाड की ‘पांढरी टेकडी’?

प्रश्न : पुरातत्त्वाच्या पहिल्या क्षेत्रकार्याआधी वाचायला दिलेल्या टिपणांत ‘पांढरीचे टेकाड’ सारखं येतं. बातम्यांत ‘पांढरी टेकडी’ असतं. तिथे चुनखडी असते का?

उत्तर : चुनखडी नाही आणि टेकडीही नाही. ‘पांढरी टेकडी’ वाचलं की माझं डोकं उठतं. टेकडी निसर्गाने केलेली. हे टेकाड माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिल्याने चढलेलं. शिवाय ‘पांढरी’ हे इथे विशेषण नव्हे, नाम आहे. गावाची कसायची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी किंवा पांढर.

नाव रंगावरूनच आलं, पण तो रंग वस्तीने दिलेला. मातीच्या भिंती ढासळतात, त्यांच्यावर चुलीची राख, शेण, हाडं पडत जातात आणि काळ्या रानात राखाडी उंचवटा तयार होतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला अशाच टेकाडात ताम्रपाषाणयुगीन (दगडाबरोबर तांबंही वापरात आलेल्या काळातल्या) घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली : दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. पांढरीची माती खताला चांगली, गढीच्या भिंतींना आणि धाब्यालाही (मातीच्या सपाट छतालाही) चांगली, म्हणून लोक ती गाड्या भरभरून नेत आले. त्यात कित्येक टेकाडं निम्मीशिम्मी उरली. मात्र नेलेल्या जागी उभी कड मोकळी होते आणि चोपलेल्या जमिनीचा पट्टा, वर राख, वर खापरं असे थर न खणताच दिसतात.

आता खरी गंमत. ‘पांढरपेशा’ म्हणजे पांढरे कपडे घालणारा, असं सर्रास सांगतात आणि फारसी ‘सफेदपोश’कडे बोट दाखवतात. मला हे पटत नाही. ‘सफेद’चं नीट भाषांतर करणाऱ्या मराठी माणसाने ‘पोश’चा ‘पेशा’ का करावा? ‘पोशाख’मध्ये तर ‘पोश’ त्याने जसाच्या तसा ठेवला! पेशा म्हणजे व्यवसाय. शिक्षकी पेशा म्हणतोच की आपण. तेव्हा ज्याचा पेशा काळीत नाही, पांढरीत आहे, तो पांढरपेशा. सुतार-लोहारही पांढरीतच राहतात, मग ते का नाहीत, असा आक्षेप हमखास येतो. अहो, ते बलुतेदार. त्यांचं बलुतं खळ्यावरून येतं, म्हणजे काळीतूनच. याला लोकव्युत्पत्ती म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी त्या ‘पोश’चा ‘पेशा’ कसा झाला ते दाखवावं. नुसतं ‘अपभ्रंश’ म्हटलं की सुटका होत नाही.

हां, तुमचं क्षेत्रकार्य. गावात ‘साइट कुठे आहे’ विचारलंत तर लोक बांधकामाकडे पाठवतील. ‘जुनी पांढर कुठंशी आहे?’ असं विचारा.