उन्हाळ्यात आईचे पाय जड होतात, म्हणजे एमएस वाढला का?

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या साठीपुढच्या माणसांच्या घरून मला एक प्रश्न फार येतो, आणि तो एप्रिल-मे महिन्यातच येतो. पाय उचलेनासे झालेत, डोळ्यांपुढे धुरकट दिसतं, दुपारनंतर उठवतच नाही. आजार पुढे गेला का? आता आई अंथरुणालाच लागणार का? याच काळजीने आलेल्या एका घराचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू 67 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं हे त्यांना चाळिशीतच सुरू झालं होतं. बरीच वर्षं मणक्याचा त्रास म्हणून पट्टे आणि मालिश झाली आणि एमआरआय झाल्यावर एमएस कळला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. सुरुवात बहुधा 20 ते 40 या वयात होते, बायकांमध्ये जास्त. म्हणून लोक याला तरुणांचा आजार समजतात. पण ती तरुण माणसं म्हातारीही होतातच की! त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

मुलगा फाइल उघडूनच बसला. “मॅडम, मागच्या मेमध्येबी असंच झालं. तेव्हा स्टेरॉइडचं सलाइन लावलं होतं. यंदा पुन्हा पाय ओढून राहिली आई. आम्ही म्हणतो, लावून टाका एकदाचं.” काकू गप्प. ओठ कोरडे पडलेले.

मी अशा वेळी आजाराबद्दल आधी विचारत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस सांगा म्हणते. काकूंचा दिवस असा: कूलर हॉलमध्ये, काकूंची खोली मागच्या बाजूला गच्चीखाली, दुपारी तिथे भट्टीच. हॉलमध्ये का नाही झोपत? “येणारेजाणारे असतात.” पाणी किती पिता? “पिते ना.” सून हळूच म्हणाली, “तांब्या भरून ठेवते मी, संध्याकाळी तसाच असतो.” काकूंनी मान वळवली. मी मुलाला म्हटलं, जरा खाली जाऊन चहा सांगून येता का?

तो गेल्यावर काकू बोलल्या. घरच्या एका लग्नात, पंगतीत बसलेल्या असताना लघवीची घाई झाली. उठेपर्यंत साडी भिजली. “इतके वर्ष पोरींना शिकवलं हो, आणि असं झालं.” तेव्हापासून त्यांनी पाणीच तोडलं. हॉलमधून बाथरूम लांब, म्हणून कूलरही नको.

एमएसमध्ये मूत्राशयाच्या नसांचं नियंत्रण बिघडणं अगदी सर्रास आढळतं. घाई होते, थेंब गळतात, कधी लघवी पूर्ण बाहेरच पडत नाही. पण डॉक्टरसमोर मुलगा बसलेला असतो, म्हणून आया हे सांगत नाहीत. वडीलही नाही. आणि पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला आणखी चुरचुरते, घाई वाढते, बद्धकोष्ठता होते आणि इन्फेक्शनला वाट मिळते. साठीनंतर इन्फेक्शनमध्ये ताप किंवा जळजळ असेलच असं नाही. एमएसच्या माणसात तर पाय जड होणं हेच पहिलं लक्षण असू शकतं.

त्यात आपल्या नागपूरचं ऊन. 45 अंश इथे मेमध्ये नवलाचं नाही. आवरण झिजलेल्या नसेतून संदेश आधीच कसाबसा जातो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी तो अडखळतो. जुनीच लक्षणं परत डोकं वर काढतात. विल्हेल्म उट्हॉफ या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्ये व्यायामानंतर रुग्णांची नजर अशी मंदावलेली नोंदवली होती. एमआरआय नव्हता त्या काळात रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून एमएसची परीक्षा करत असत. या त्रासाने नसांचं नवं नुकसान होत नाही, शरीर थंड झालं की तो ओसरतो. खरा अटॅक म्हणजे नवी किंवा वाढलेली लक्षणं 24 तासांहून जास्त टिकणं, आणि तीही ताप किंवा इन्फेक्शन नसताना. स्टेरॉइडचं सलाइन असतं ते अशा खऱ्या अटॅकसाठी. जागतिक एमएस दिवस 30 मे रोजी असतो, ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. त्या दिवशी तरी विदर्भातल्या प्रत्येक एमएसच्या घरी ही गोष्ट पोचावी असं मला फार वाटतं.

म्हणून मी त्यांना सलाइनच्या आधी लघवीची तपासणी करून न्यूरोलॉजिस्टकडे जायला सांगितलं. इन्फेक्शन निघालं. ते असताना स्टेरॉइड देणं धोक्याचं, शिवाय वारंवारच्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, आणि तोल जाणाऱ्या 67 वर्षांच्या बाईला ते परवडणारं नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि पाय हळूहळू मार्चमध्ये होते तसे झाले. त्याहून चांगले झाले नाहीत, हेही सांगायला हवं. या वयात अटॅक कमी होत जातात, पण चाल सावकाश मंदावत जाणं बऱ्याच जणांत चालू राहतं. ते मी काकूंपासून लपवलं नाही. त्यांनीच विचारलं होतं.

घरात बदल साधेच झाले. काकूंचा पलंग बाथरूमजवळच्या खोलीत आला आणि कूलर तिथे. (पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही, तेव्हा शक्य असेल तर एसी.) पाणी दिवसभर घोट घोट, संध्याकाळनंतर थोडं कमी. घाई होण्याची वाट न बघता दर दोन-अडीच तासांनी बाथरूमला जाणं. लघवी मागे उरते का, हे सोनोग्राफीत पाहून घेतलं. व्यायाम आणि बाहेरची कामं सकाळी ऊन चढायच्या आत, दुपारी मानेवर ओला पंचा. आंघोळ कोमट पाण्याने, हिवाळ्यातसुद्धा. पायपुसणी काढली, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा. पॅड वापरायला त्या आधी तयार नव्हत्या. सुनेने स्वतःहून आणून कपाटात ठेवले, त्याबद्दल काही बोलली नाही, आणि ते वापरले गेले. मला त्या सुनेचं फार कौतुक वाटतं.

लघवीच्या घाईसाठी गोळ्या मिळतात, पण त्यातल्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो, घामही कमी येतो. उन्हाळ्यात हे दुहेरी संकट. डॉक्टरांना वय आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या दाखवूनच त्या घ्याव्या.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एकदा एमएसचा शिक्का बसला की घरचे सगळंच त्याच्या नावावर टाकतात. गुडघेदुखी, मोतीबिंदू, बी 12 ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, यांतलं काहीही असू शकतं आणि त्या प्रत्येकावर उपचार आहे. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ‘एमएसच असेल’ म्हणत थांबू नका; पक्षाघात समजून लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात असू शकतो. तिथेही वेळ दवडू नका.

शेवटच्या भेटीत मुलाने विचारलं, “इतके वर्षांत नवा अटॅक नाही, मग अटॅक येऊ नये म्हणून चालू असलेलं महागाचं औषध बंद केलं तर?” प्रश्न रास्त आहे, बरीच घरं तो विचारायला घाबरतात. 55 वर्षांपुढच्या, पाच वर्षं अटॅक न आलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांना अटॅक आला किंवा एमआरआयमध्ये नवा डाग दिसला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे 5 टक्के होतं. म्हणजे बहुतेकांना काही झालं नाही, पण धोका अगदीच नाही असंही नाही. शिवाय फिंगोलिमॉडसारखी काही औषधं एकदम सोडली तर आजार उसळून येऊ शकतो. म्हणून हा निर्णय घरी बसून घ्यायचा नाही. जुने-नवे एमआरआय, खर्चाची खरी अडचण आणि काकूंचं स्वतःचं मत, हे तिन्ही न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवायला मी सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, हेही सांगितलं. काकूंचं मत तेव्हाच ठरलं होतं: यंदा औषध चालू ठेवायचं, आणि पुढचा एमआरआय झाल्यावर त्या स्वतः डॉक्टरांना विचारणार.