काजूच्या बोंडांवर बुरशी वाढवून घरी इंधन आणि बायोप्लास्टिक करता येईल का?

सावंतवाडीजवळ तुमची काजूची बाग आहे, बोंडं झाडाखाली कुजतात, आणि बुरशीने त्यातून इंधन आणि प्लास्टिक दोन्ही निघतं असं तुम्ही वाचलंत. निघतं. पण घरी करू नका, आणि इंधनाच्या नादी तर लागूच नका.

आधी हिशेब बघा. टनभर बोंडांचा रस साधारण 600 लिटर धरा, त्यात साखर 10 टक्के, म्हणजे 60 किलो. साखरेच्या वजनाच्या जास्तीत जास्त 51 टक्के इथेनॉल होतं. म्हणजे 39 लिटरच्या आसपास, तेही कागदावर. शिवाय ते ऊर्ध्वपातनाने वेगळं करायला सरपण जाळायचं. आणि परवान्याशिवाय भट्टी लावलीत तर 1949 चा दारूबंदी कायदा आहेच. गाडीत घालायला गाळत होतो म्हणून कोण ऐकणार?

खरी गंमत बुरशीच्या अंगात आहे. म्युकर इंडिकस ही बुरशी साखरेचं इथेनॉल करते, नेहमीच्या यीस्टला न पचणारी पेंढ्यातली झायलोज साखरही खाते, आणि तिच्या पेशीभित्तिकेत कायटोसान, म्हणजे बायोप्लास्टिकचा कच्चा माल, असतं. तेच बाजारात बहुतेक कोळंबीच्या टरफलांतून येतं, पण त्यासाठी आधी आम्लाने चुना काढा, मग तीव्र कॉस्टिकमध्ये उकळा. बुरशीत चुना नाही. सौम्य कॉस्टिकने प्रथिनं काढायची, गरम सौम्य आम्लात कायटोसान विरघळवायचं, अल्कली घालून परत खाली बसवायचं.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना मी तिच्याच भाऊबंदांपैकी रायझोपस बोंडांच्या रसात वाढवली होती. फ्लास्क हलता ठेवला की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोळे होतात. रस मात्र बोंडातल्या तुरट टॅनिनमुळे काळपट पडला, आणि एवढ्या खटाटोपानंतर हातात आली चमचाभर पांढरट पूड. ती पातळ व्हिनेगरमध्ये विरघळवून काचेवर सुकवली, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक फिल्म निघाली! असा थर फळावर दिला की ते उशिरा सुकतं. हापूसवाल्यांनी ऐकावं असं आहे हे, पण पिशव्या करण्याइतकी स्वस्त ती नाही.

घरी नको म्हणण्याचं मोठं कारण वेगळंच. 2021 मध्ये ज्या 'काळ्या बुरशी'ने घाबरवलं, तो म्युकरमायकोसिस रोग रायझोपस-म्युकरच्याच कुळातल्या बुरशींमुळे होतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण घरात कुणाला मधुमेह असेल तर असली बीजं पडवीत उडवू नयेत.

बोंडं एका दिवसात आंबतात, त्यामुळे रस काढायचा तर पडल्या दिवशीच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन सरबत-सिरपचं विचारा. आणि बुरशीच वाढवायची हौस असेल तर धिंगरी अळंबी लावा. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, निथळून पिशवीत भरायचा आणि थरांमध्ये बियाणं पेरायचं. ओल मात्र बघा: मुठीत दाबल्यावर पेंढ्यातून पाणी ठिबकता कामा नये.