वाचकांचे प्रश्न : उपदेशकाला धीर द्यायचा तो कसा?

प्रश्न : आमचे पाळकसाहेब गेली सहा वर्षे दर रविवारी उपदेश करीत आहेत. अलीकडे ते थकलेले दिसतात. उपासना संपल्यावर दाराशी मी ‘संदेश छान झाला’ असे म्हणते, तेव्हा ते हसतात आणि पुढच्या माणसाशी हस्तांदोलन करतात. आमच्या मंडळीतील एक ज्येष्ठ बंधू म्हणतात की, उपदेशकाची फार वाखाणणी करू नये, त्याला गर्व चढतो. मी पंच कमिटीवर नाही, माझ्याकडे कोणते पदही नाही. माझ्यासारख्या साध्या सभासदाने काय करावे?

उत्तर : भगिनी, प्रभूमध्ये सलाम. आधी त्या ज्येष्ठ बंधूंच्या भीतीविषयी लिहितो, कारण तिच्यामुळे पुष्कळ मंडळ्या मुक्या झाल्या आहेत. वक्तृत्वाची वाखाणणी ऐकून माणूस फुगतो, हे मला मान्य आहे. मात्र वचन ऐकून आपल्या घरात काय घडले ते उपदेशकाला कळवणे ही वाखाणणी नव्हे. थेस्सलनीकातील मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात १ थेस्सलनीकाकरांस ३:६-८ पाहा. पौलाचा सहकारी तीमथ्य त्या मंडळीची खुशाली घेऊन परत आला, त्यांचा विश्वास टिकून आहे हे पौलाला समजले, आणि आपल्या संकटात आपल्याला दिलासा मिळाला, तुम्ही प्रभूमध्ये स्थिर असाल तर आपण जिवंत राहतो, अशा आशयाचे त्याने लिहिले. एवढ्या मोठ्या प्रेषितालाही ही खबर हवी होती. तिच्याविना त्याला राहवेना, म्हणून तर त्याने तीमथ्याला मुद्दाम पाठवले होते.

‘छान झाला’ या शब्दांत ही खबर नसते. शास्त्रभाग निवडून, मूळ अर्थाशी झगडून, निम्मे लिहिलेले खोडून उपदेशक रविवारी उभा राहतो, आणि उपासनेनंतर त्याच्या कानी काय येते? माईक शिट्टी मारत होता, उपासना दहा मिनिटे लांबली, पुढच्या रविवारी शास्त्रवाचन कोणाकडे आहे. मी स्वतः अनेक वर्षे उपदेश केला आहे, म्हणून रविवारची दुपार मला चांगली ठाऊक आहे : जेवण झालेले असते, टिपणांचे कागद टेबलावर तसेच पडलेले असतात, आणि आपण अर्धा तास नेमके कोणाशी बोललो असा प्रश्न मनाला कुरतडत असतो. अशाच एका आठवड्यात, गुरुवारी, एक वृद्ध भगिनी दारात आल्या. त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचे एक फाडलेले पान काढले. त्याच्या मागे माझ्या उपदेशातले एकच वाक्य पेन्सिलीने लिहिलेले होते, तेही थोडे चुकीचे. ते वाचून धाकट्या जावेकडे गेले, दोन वर्षांनी तिच्या घरात पाऊल टाकले, असे म्हणून त्या निघाल्या. चहालाही थांबल्या नाहीत. उपदेश कसा झाला याविषयी त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या वर्षी मी उपदेश करणे सोडले नाही, त्याचे बरेचसे श्रेय त्या पानाला आहे.

तेव्हा दाराशी घाई करू नका. तीन-चार दिवस जाऊ द्या, मग कोणता शास्त्रभाग मनात राहिला आणि त्यामुळे काय करावेसे वाटले ते दोन ओळींत कळवा. काही समजले नसेल तर तेही विचारा. शास्त्र उघडून विचारलेला प्रश्न उपदेशकाला फार सुखावतो, कारण तो ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही. बिरुयातील लोकांनी वचन उत्सुकतेने स्वीकारले आणि जे ऐकले ते तसेच आहे की काय याचा शास्त्रात रोज शोध केला, हे प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांच्या थोरपणाचे लक्षण म्हणून सांगितले आहे.

थकव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे शब्द पुरत नाहीत. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. आपल्या पाळकांच्या आठवड्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. सभागृहाच्या किल्ल्या, खुर्च्या, कार्यक्रमपत्रिका, विजेचे बिल हे सारे त्यांच्याच गळ्यात असेल, तर अभ्यास रात्री अकरानंतरच होणार. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत हाच पेच पडला, तेव्हा भोजनाच्या व्यवस्थेसाठी सात जण निवडण्यात आले आणि प्रेषित प्रार्थना व वचनाची सेवा यांना मोकळे झाले. किल्ल्या मागून घ्यायला पद लागत नाही. महिन्यातून एक रविवार दुसऱ्या कोणी उपदेश करावा, म्हणजे पाळकसाहेबांना कुटुंबासह बाकावर बसून ऐकता येईल, ही सूचना पंचांपुढे ठेवायलाही लागत नाही. मानधनाचा विषय पंचांचा आहे. पण काम करणारा आपल्या मजुरीस योग्य आहे, हे १ तीमथ्य ५:१८ मधील वचन त्यांना कोणीही वाचून दाखवू शकतो.

आणि हजर राहा. १७८२ साली चार्ल्स सिमियन इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये पाळक म्हणून नेमले गेले, तेव्हा त्यांच्यावर नाराज असलेल्या सभासदांनी आपापल्या बाकांना कुलपे लावली आणि ते घरी राहिले. जे ऐकायला आले ते मधल्या वाटेत उभे राहून ऐकत. सिमियन १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच उपदेश करीत राहिले. त्या उभ्या राहिलेल्यांतही पद नसलेले पुष्कळ असतील, असे मला वाटते.

प्रश्न : उपदेशात खरोखर चूक झाली असेल तर? गप्प राहणे म्हणजेच उत्तेजन का?

उत्तर : नाही. प्रेषितांच्या काळातील उपदेशक अपुल्लो मोठा वक्ता होता, पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढे तो अखया प्रांतात जायला निघाला, तेव्हा बंधुजनांनी त्याला उत्तेजन देऊन तिथल्या शिष्यांना पत्र लिहिले. तेव्हा एकांतात, शास्त्र समोर ठेवून बोला. मात्र रविवारी दुपारी बोलू नका, मंगळवारपर्यंत थांबा.